डॉ. कमलाबाई सोहोनी

वाल रात्री भिजत घालावे, फडक्यात बांधून मोड आणावे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलावे आणि मग बिरडे शिजवावे, हे आपल्याला कोणी शाळेत शिकवले नाही. मी ते आजीच्या हाताखाली शिकले. या खटाटोपामागे शास्त्र आहे, हे ज्यांच्या संशोधनामुळे कळले, त्या कमलाबाई सोहोनी यांचा परिचय या स्मरणिकेतून भगिनींना करून द्यावा, असे मला वाटले.

कमलाबाई मूळच्या भागवत. १९११ साली इंदूरला त्यांचा जन्म झाला. विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन १९३३ साली कमलाबाईंनी त्याच संस्थेत अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. त्यांनी सत्याग्रहाची भाषा केली. अखेर एक वर्षाच्या परीक्षणावर, अपमान वाटाव्या अशा अटी घालून, त्यांना घेण्यात आले. वर्षअखेर त्यांचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि पुढे इतर मुलींनाही तेथे वाट मिळाली.

बंगळूरला श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. नंतर केंब्रिजला जाऊन बटाट्यासारख्या वनस्पतींत सायटोक्रोम-सी हे द्रव्य असल्याचे दाखवले व १९३९ साली पीएच.डी. मिळवली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता! परदेशात न राहता त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा आणि १९४७ मध्ये विवाहानंतर मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईच्या त्या संस्थेच्या त्या पुढे संचालिकाही झाल्या.

मुंबईतच वालाची गोष्ट घडली. आपण खाल्लेली प्रथिने पचवायला आतड्यात ट्रिप्सिन नावाचे पाचक द्रव्य लागते. कच्च्या कडधान्यांत या ट्रिप्सिनलाच बांधून ठेवणारा एक पदार्थ असतो. तो तसाच पोटात गेला, तर ताटातले प्रथिन पुरते अंगी लागत नाही. १९५५ साली कमलाबाईंनी सहकाऱ्यासह वाल व डबल बी यांतील हे रोधक पदार्थ स्फटिकरूपात वेगळे काढल्याचे 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

ज्या घरी मांस-अंडी नाहीत आणि दूधही बेताचेच, तेथे मुलाची वाढ डाळी-कडधान्यांवरच अवलंबून असते. म्हणून यातले प्रत्येक काम ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भिजवल्याने पोटात वात धरणारी साखर पाण्यात उतरते. ते पाणी टाकून द्यावे. मोड आल्याने लोह व जस्त अडवून धरणारे फायटिक आम्ल कमी होते. सोलल्याने सालातील तुरट टॅनिन जाते. पण ट्रिप्सिनचा रोधक मुख्यतः ओल्या उष्णतेनेच नष्ट होतो. म्हणून मोड आले तरी शिजवण्याला सुटका नाही. हल्ली मोडाची कडधान्ये कच्ची खाण्याची हौस वाढली आहे. वाल, राजमा, सोयाबीन यांच्या बाबतीत ती हौस नको, असे मी आग्रहाने सांगेन. ही धान्ये चांगली उकळून मऊ शिजवलीच पाहिजेत.

नीरेच्या पोषणमूल्यावरील कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपतींचे पारितोषिक लाभले. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या आणि अन्नातील भेसळीविषयी लोकांना जागे करू लागल्या. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

बंद दारापुढे त्या बसून राहिल्या, आणि दार उघडल्यावर त्यांनी मिळवलेले ज्ञान आपल्या चुलीपर्यंत पोचले. त्यांच्या स्मृतीस मंडळातर्फे माझे विनम्र अभिवादन.