नाव दारूचं, पण आयुष्यभर थेंबही नाही! बदरुद्दीन काझी ऊर्फ जॉनी वॉकर

जॉनी वॉकर म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बारीक मिशी, नाकातून निघणारा किनरा आवाज आणि लटपटत चालणारा दारुडा. या माणसानं पडद्यावर इतक्या वेळा झोकांड्या खाल्ल्या, की प्रत्यक्षातही तो पीत असणार असं लोक धरूनच चालायचे. खरं तर बदरुद्दीन जमालुद्दीन काझी यांनी दारूला कधी हात लावला नाही. व्हिस्कीच्या बाटलीवरचं नाव मिरवत हा माणूस जवळपास ३०० सिनेमांत वावरला आणि तरीही कोरडाच राहिला. आपल्या नव्या पिढीनं त्यांची गाणी मोबाइलवर पाहिली असतील. पण गाण्यामागचा माणूस कोण होता, मुंबईनं त्याला कसं रगडलं आणि दोस्तांनी कसं उचललं, हे फारसं कुणी सांगत नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी थोडं बोलू.

बदरुद्दीन यांचा जन्म इंदूरचा. वडील कापड गिरणीत कामाला, घरात दहा भावंडं. गिरणीतलं काम सुटलं आणि एवढा मोठा संसार रस्त्यावर आला. शाळा सहावीच्या आसपासच सुटली. त्या काळात कामाच्या शोधात निघालेलं कुटुंब जिथं जायचं, तिथंच हे काझी कुटुंबही आलं, म्हणजे मुंबईत. कमावण्याचा भार या पोरावर पडला. भाजीपाला विकून झाला, फळं विकून झाली, आइस कँडी विकून झाली. शेवटी बेस्टच्या बसमध्ये कंडक्टरची नोकरी लागली. पगार महिना २६ रुपये.

२६ रुपयांत घर कसं चालायचं, हे ज्यांनी हातावरचं पोट पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण या नोकरीत बदरुद्दीनना एक गोष्ट फुकट मिळाली, ती म्हणजे प्रेक्षक. रोज नवी माणसं, प्रत्येक स्टॉपवर बदलणारी. तिकिटं देता देता हा पोरगा नकला करायचा, आवाज काढायचा, थांब्यांची नावं तऱ्हेतऱ्हेनं पुकारायचा. घामेजलेली, वैतागलेली माणसं उतरताना हसत उतरायची. आपल्या भाषेत सांगायचं तर बस हीच त्यांची रंगभूमी झाली होती.

हे वेड आलं होतं थिएटरमधून. त्या काळी पडद्यावर नूर मोहम्मद चार्ली यांचा मोठा बोलबाला होता. चॅप्लिनवरून आपलं नाव घेतलेले हे विनोदी नट बदरुद्दीनचे आदर्श. सिनेमा बघायचा आणि पडद्यावर जे दिसलं ते बाहेर येऊन करून बघायचं, हा त्यांचा नाद. अभिनयाचं दुसरं कुठलंच शिक्षण त्यांना मिळालं नाही. नाट्यशाळा नाही, गुरू नाही, ओळखपाळख तर नाहीच. एकच आशा होती, की बसमध्ये कधीतरी सिनेमावाला कुणी चढेल आणि आपल्याकडे त्याचं लक्ष जाईल. मधल्या काळात गर्दीच्या दृश्यांत उभं राहायचं कामही त्यांनी केलं. हजार चेहऱ्यांतला एक चेहरा, नाव नाही की संवाद नाही.

लक्ष गेलं ते बलराज साहनी यांचं. साहनी हे इप्टाच्या रंगभूमीवरचे, विचारानं डावे, कामगारांत वावरलेले नट. त्या दिवसांत ते ‘बाज़ी’ची पटकथा लिहीत होते. या पोराच्या अंगातली चीज त्यांनी ओळखली आणि त्याला नुसती शाबासकी न देता एक युक्ती सांगितली. गुरुदत्त नावाचा नवा दिग्दर्शक नवकेतनच्या ऑफिसात बसतो, त्याच्यासमोर दारुड्याचं सोंग घेऊन जा, अशी ती युक्ती.

पुढचा प्रसंग सिनेमावाल्यांत आजही रंगवून सांगितला जातो. बदरुद्दीन झोकांड्या खात थेट ऑफिसात शिरले आणि त्यांनी असा गोंधळ घातला, की गुरुदत्त त्यांना बाहेर काढायच्या बेतात होते. तेवढ्यात साहनींनी खरा प्रकार सांगितला आणि हा दारुडा क्षणात ताठ उभा राहिला. गुरुदत्त हसले आणि ‘बाज़ी’त त्यांच्यासाठी जागा तयार करून घेतली. त्या सोंगाची आठवण म्हणून व्हिस्कीच्या ब्रँडचं नावही गुरुदत्तनीच दिलं. १९५१ साली ‘बाज़ी’ आला आणि बदरुद्दीन काझी जॉनी वॉकर झाले.

हा ‘बाज़ी’ सिनेमाच मुळी दोस्तीतून जन्मलेला होता. गुरुदत्त आणि देव आनंद यांची ओळख आपल्या पुण्यातली, प्रभात स्टुडिओतली. धोब्याकडून दोघांच्या शर्टांची अदलाबदल झाली आणि त्यातून गट्टी जमली. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, की देव निर्माता झाला तर दिग्दर्शन गुरुदत्तचं आणि गुरुदत्तनं सिनेमा काढला तर हीरो देव. देवनं ‘बाज़ी’त शब्द पाळला, गुरुदत्तनं १९५६ च्या ‘सी.आय.डी.’त. दोन्ही सिनेमांत जॉनी वॉकर आहेत. दिलेला शब्द पाळणाऱ्या दोस्तांच्या टोळीत बेस्टच्या कंडक्टरला जागा मिळाली होती.

गुरुदत्त या नटाला कसं वागवायचे, हे समजून घेण्यासारखं आहे. सीन समजावून द्यायचा, लिहिलेला संवाद हातात ठेवायचा आणि यापेक्षा चांगलं सुचलं तर तसं कर, अशी मोकळीक द्यायची. जॉनी दर तालमीला काहीतरी नवं घालायचे. तेव्हा गुरुदत्त लाइटवाले, कॅमेऱ्यावरची माणसं, सहायक यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहायचे. ती माणसं हसली, तर सीन जमला. सहावीत शाळा सुटलेल्या माणसाच्या डोक्यावर एवढा विश्वास टाकणारा साहेब किती जणांच्या नशिबी येतो?

मग एकामागून एक सिनेमे आले. ‘आर पार’, ‘मिस्टर अँड मिसेस ५५’, ‘सी.आय.डी.’, ‘प्यासा’, ‘कागज़ के फूल’, ‘चौदहवीं का चाँद’. एव्हाना वितरकांचीच मागणी असायची, की सिनेमात जॉनी वॉकरवर एक गाणं हवंच. त्यांच्यासाठी गाताना मोहम्मद रफी आपल्या आवाजाला असा काही पीळ द्यायचे, की जॉनी स्वतःच गातायत असं वाटावं. ‘सी.आय.डी.’मधलं मुंबईवरचं गाणं घ्या. मजरूह सुलतानपुरींनी लिहिलेलं, ओ. पी. नय्यर यांनी बांधलेलं. या शहरात जगणं किती अवघड, असं ते गाणं हसत हसत सांगतं. पडद्यावर ते गाणारा माणूस याच शहराच्या रस्त्यांवर भाजी विकून आणि तिकिटं फाडून आला होता, हे लक्षात ठेवून ते पुन्हा बघा. हसू येईलच, पण थोडं आत रुतेलही.

‘प्यासा’ची हकीकत तर आणखी बोलकी आहे. कवी विजयचा एक मित्र त्याच्याशी दगा करतो, ती भूमिका आधी जॉनी वॉकर यांना दिली होती. काही चित्रण झाल्यावर गुरुदत्तना वाटलं, की हा माणूस दगाबाज म्हणून लोकांना पटणारच नाही. मग ती भूमिका दुसऱ्याकडे गेली आणि जॉनींच्या वाट्याला आला अब्दुल सत्तार, कोलकात्याच्या रस्त्यांवर तेलमालिश करणारा गरीब माणूस. साहिर लुधियानवींनी लिहिलेलं त्याचं चंपीचं गाणं आजही गाजतंय. पण आम्हाला सत्तारची दुसरी बाजू मोठी वाटते. सख्खे भाऊ विजयला ओळख देत नाहीत, दोस्त पैशांसाठी फिरतो, जग त्याला वेड्यांच्या इस्पितळात डांबतं. अशा वेळी त्याला तिथून बाहेर काढायला धावतो तो हा मालिशवालाच. १९५७ साली हिंदी सिनेमानं एका गरीब मुसलमानाला दिलेली ही जागा साधी नव्हती. तो खलनायक नव्हता, नुसता विदूषकही नव्हता. शब्दाला जागणारा दोस्त होता.

‘आर पार’च्या सेटवर जॉनींना नूर भेटल्या, नायिका शकीला यांची बहीण. नूर यांच्या घरच्यांचा विरोध असतानाही १९५५ मध्ये दोघांनी लग्न केलं. सहा मुलं झाली. स्वतःची शाळा अर्धवट सुटली, ही सल या बापाच्या मनात कायम होती. म्हणून त्यांनी मुलांना शिकायला थेट अमेरिकेत पाठवलं. सिनेमाच्या धबडग्यात रविवारी काम न करण्याचा नियमही त्यांनी घालून घेतला होता. तो दिवस घरच्यांचा.

‘मधुमती’साठी सहाय्यक अभिनेत्याचा आणि ‘शिकार’साठी विनोदी अभिनेत्याचा फिल्मफेअर त्यांना मिळाला. त्यांच्याच नावाचा ‘जॉनी वॉकर’ हा सिनेमाही निघाला. पण १० ऑक्टोबर १९६४ रोजी गुरुदत्त गेले आणि ज्याच्या नजरेत आपण पहिल्यांदा नट झालो, तो दोस्तच राहिला नाही. पुढं कामं मिळत राहिली, तरी सिनेमातला विनोद बदलत चालला होता. दुहेरी अर्थाचे संवाद, अंगविक्षेप, कुणाच्या तरी व्यंगावर हसणं. जॉनींना ते मानवेना. आपल्या एवढ्या सिनेमांतल्या एकाही ओळीवर सेन्सॉरनं कात्री चालवली नाही, याचा त्यांना अभिमान होता. मुलाबाळांसह बघता येणार नाही असा विनोद करायचा नाही, हे त्यांनी ठरवलं होतं. त्याची किंमत त्यांनी मोजली. हळूहळू कामं कमी केली आणि बाजूला झाले. त्यांना कुणी हाकललं नव्हतं.

त्याआधी १९७१ मध्ये हृषीकेश मुखर्जींच्या ‘आनंद’मध्ये ते ईसाभाई म्हणून दिसले. ईसाभाई म्हणजे मुंबईतल्या नाटक कंपनीचे मालक. मरणाच्या दारात उभा असलेला आनंद रस्त्यात दिसेल त्याला मुरारीलाल म्हणून हाक मारतो. लोक चिडतात, गोंधळतात. ईसाभाई मात्र अनोळखी माणसाची हाक परत फिरवत नाहीत. तेही त्याला भलत्याच नावानं ओळख देतात आणि खोट्या ओळखीतून खरी दोस्ती जमते. पुढं आनंदच्या आजाराचं कळल्यावर हे हसवणारे ईसाभाई त्याच्यासमोर हसतात आणि बाजूला जाऊन रडतात. तो सीन बघताना आमच्या तरी घशात आवंढा येतो.

बरीच वर्षं दूर राहिल्यानंतर कमल हासन आणि गुलज़ार यांच्या आग्रहाखातर ते १९९७ च्या ‘चाची ४२०’मध्ये आले. भूमिका होती जोसेफ नावाच्या मेकअपमनची, आणि तोही दारुडा! ज्या सोंगानं सुरुवात झाली, त्याच सोंगानं पडद्याचा निरोप घेतला गेला. २९ जुलै २००३ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

आजही मालेगाव, भिवंडी, नांदेड, इंदूरहून कितीतरी पोरं नट व्हायला मुंबईत येतात. रिक्षा चालवतात, डिलिव्हरी करतात, ऑडिशनच्या रांगेत उभी राहतात. प्रत्येकाला बलराज साहनी भेटेलच असं नाही, हे खरंय. पण बदरुद्दीननी साहनींची वाट बघत हात बांधून दिवस काढले नव्हते. बसमधल्या दमलेल्या माणसांना त्यांनी रोज हसवलं, कुणी मोठा माणूस बघत असो वा नसो. आणि आपल्यापैकी जे थोडे पुढं गेलेत, त्यांच्यासाठीही यात एक काम आहे. गर्दीत एखादा हुन्नरी पोरगा दिसला तर वाहवा करून पुढच्या स्टॉपवर उतरून जाऊ नका. साहनींसारखं त्याला दारापर्यंत नेऊन सोडा.