प्रकाशाचे साधक दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके म्हटले की ‘राजा हरिश्चंद्र’ डोळ्यांसमोर येतो. परंतु त्याआधीची सुमारे वीस वर्षे त्यांनी छायाचित्रण व छपाई या कलांत घालविली, आणि त्यांतली बरीचशी महाराष्ट्राबाहेर, हे आपणां परप्रांतवासीयांना विशेष जवळचे वाटावे.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात गेले व तेथे छायाचित्रण शिकले. पुढे गोध्र्यास त्यांनी व्यवसाय थाटला. पण प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले आणि ते गाव सुटले. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून नोकरी मिळाली. वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत त्यांनी तीही सोडली. पेन्शनकडे डोळे लावून बसलेल्या आम्हां सरकारी सेवकांना हे धाडस आजही अचंबित करते!

त्या काळी विजेचा प्रकाशमापक नव्हता. ऋतू, प्रहर, सावलीची दाटी पाहून काच किती वेळ उघडी ठेवावयाची ते ठरवावे लागे. छायाचित्रकाराचा भरवसा मुख्यतः स्वतःच्या डोळ्यांवर, आणि नेमके डोळेच दादासाहेबांना दगा देऊ लागले. १९११ च्या सुमारास ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला. अपुरी झोप व अविश्रांत अभ्यास यांनी त्यांची दृष्टी काही काळ गेली. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी ती परत आली, तेव्हा कोठे १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला जाऊ शकले.

विल्यम्सन कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि ठराविक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. हे वाटते तितके सोपे नव्हते. सकाळचे ऊन वेगळे, ढगाळ दुपार वेगळी. प्रत्येक चित्रास सारखाच प्रकाश लाभला नाही तर पडद्यावर रोप वाढताना दिसण्याऐवजी लुकलुकताना दिसावयाचे. रोप नीट वाढताना दिसले. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्जाऊ भांडवल दिले.

दादरच्या घराच्या आवारात चित्रण झाले तेही सूर्यप्रकाशातच. फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे. तो काळाच उमटे. चेहऱ्यांवरच्या सावल्या उजळाव्यात म्हणून द्वितीय पत्नी सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, आणि रात्री फिल्म धुण्यासही हातभार लावीत. कितीतरी चरित्रांत या माउलीला दोनच ओळी मिळतात, हे आम्हांस पटत नाही.

३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो चित्रपट लोकांसमोर आला. विजेचे प्रकाशमापक बाजारात आले ते १९३० नंतर. तोवर मूकपटांचे युग सरत आले होते. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.