श्रीरामपूरची पंगत

विल्यम कॅरी हे नाव मराठी वाचकाला एका ओळीपुरते ठाऊक असते. १८०५ साली मराठीचे व्याकरण छापणारा आणि वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८१० साली मोडी लिपीत मराठी शब्दकोश काढणारा हा इंग्रज. मला मात्र या माणसाची ओढ लागली ती एका जेवणामुळे.

कॅरीचा जन्म १७६१ चा, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. तो पोटासाठी जोडे शिवायचा. पंथ बाप्टिस्ट, म्हणजे जाणत्या वयात, स्वतःच्या मर्जीने, पाण्यात बुडी घेऊन बाप्तिस्मा घ्यावा असे मानणाऱ्यांचा. १७९३ साली तो सहकुटुंब कलकत्त्यास उतरला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून त्याने निळीच्या कारखान्यावर नोकरी धरली. तिथे पीटर हा लहानगा मुलगा दगावला. मनाविरुद्ध परमुलखात आलेली पत्नी डोरोथी भ्रमिष्ट झाली. कॅरीच्या थोरवीचा हिशेब मांडताना या बाईच्या नावे किती खर्ची पडले, तेही लिहायला हवे.

१८०० च्या जानेवारीत तो श्रीरामपूरला आला. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातले नव्हे. कलकत्त्याजवळ हुगळीकाठचे, तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखालचे. मार्शमन हा शिक्षक आणि वॉर्ड हा छापखानेवाला सोबतीला होते. एप्रिलमध्ये मंडळी स्थापन झाली, कॅरी तिचा पाळक झाला. सर्वांची मिळकत एका तिजोरीत जाई. पुढच्या वर्षी कॅरीला फोर्ट विल्यम कॉलेजात दरमहा ५०० रुपयांची नोकरी लागली. घरखर्चापुरते ठेवून बाकी पगार त्याच तिजोरीत. बँकेत उमेद घालवलेल्या मला हा जमाखर्च फार बोलका वाटतो.

पण हिंदुस्थानात येऊन सात वर्षे झाली तरी एकही बंगाली माणूस मंडळीत आला नव्हता. मग कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. कॅरीचा सहकारी डॉक्टर टॉमस याने तो बसवला आणि ओळख वाढली. २२ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण आणि त्याचा मित्र गोकुळ मिशनऱ्यांच्या पंगतीला बसून जेवले. गावात बोभाटा झाला. जमावाने कृष्णाला ओढत न्यायाधीशापुढे नेले. त्याने सोडून दिले. २८ तारखेला हुगळीच्या पात्रात कृष्ण आणि कॅरीचा मुलगा फेलिक्स यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वेळी इकडे बंद खोल्यांत डोरोथी होती, आणि मनाचा तोल गेलेला टॉमसही.

खरी कसोटी पुढे होती. दक्षिणेत तरंगंबाडीच्या जुन्या मिशनने ख्रिस्ती झालेल्यांच्या जाती राहू दिल्या होत्या. तसे केले असते तर माणसे लवकर जमली असती. कॅरी आणि सहकाऱ्यांनी ते नाकारले. प्रभुभोजनाला ब्राह्मण, शूद्र, मुसलमान, गोरे, सगळ्यांची एकच पंगत. १८०३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कृष्णप्रसादाचे लग्न कृष्ण सुताराच्या मुलीशी लागले. त्याच वर्षी गोकुळ वारला. त्याची शवपेटी मार्शमन, फेलिक्स, जन्माने ब्राह्मण असलेला भैरव आणि जन्माने मुसलमान असलेला पिरू यांनी खांद्यावरून नेली. भाडोत्री खांदेकऱ्यांची गरज पडली नाही.

आमच्या उमरीकडे पंगतीत कोण कुठे बसतो त्यावरून जात ओळखता यायची, ते दिवस माझ्या पिढीने पाहिले आहेत. म्हणून २०० वर्षांपूर्वीचे ते ताट मला मोठे वाटते. धर्म कोणता, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण परक्याच्या शेजारी जेवायला बसण्याची जोखीम आधी त्या सुताराने घेतली. कॅरीने ती पंगत मोडू दिली नाही.

९ जून १८३४ रोजी कॅरी श्रीरामपुरातच वारला. चाळीस वर्षांत तो एकदाही मायदेशी परतला नव्हता.