गानकोकिळा हिराबाई बडोदेकर

आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेत एका थोर महाराष्ट्रीय स्त्रीचे चरित्र आम्ही अहिल्यानगर जिल्ह्यातील वाचकांपुढे आदराने ठेवीत आहोत. आज आपल्या ख्रिस्तमंदिरात मिस्साच्या वेळी मुली निःसंकोच गातात आणि त्यांचे आईबाप ते कौतुकाने ऐकतात. शंभर वर्षांपूर्वी ही स्थिती नव्हती. गाणे हा जिचा व्यवसाय, त्या स्त्रीस समाजात मान नसे. आणि घरंदाज स्त्री चारचौघांत गाऊ लागली, तर तिच्याकडे संशयाने पाहिले जाई. ही दृष्टी पालटविण्यास ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत हिराबाई अग्रभागी होत्या.

त्यांचा जन्म ३० मे १९०५ रोजी मिरज येथे झाला. वडील किराणा घराण्याचे विख्यात गवई अब्दुल करीम खाँ; आई ताराबाई माने या बडोद्याच्या. पुढे मातापित्यांची ताटातूट झाली व मुलांचा भार ताराबाईंवर पडला. वडीलबंधू सुरेशबाबू माने आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांजकडून हिराबाईंस विद्या मिळाली. आवाज नाजूक, परंतु सूर अढळ. रागाची बढत संथ व प्रसन्न. मैफलीत त्या दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, हावभाव न करता, शांतपणे बसून गात. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या महाराष्ट्रातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते. श्रोत्यांस केवळ गाणे ऐकावयास यावे लागे, आणि ते येत.

१९२९ च्या सुमारास या कुटुंबाने नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली. त्या काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका बहुधा पुरुषच करीत. हिराबाईंनी भावंडांसह रंगभूमीवर पाऊल ठेविले व ‘सौभद्र’ नाटकात सुभद्रेची भूमिका केली. स्त्रीपुरुषांनी एकत्र, मर्यादेने काम करावे, हा धडा त्यांनी घालून दिला. परंतु नाटक मंडळी चालविणे म्हणजे नटांचे पगार, पडदे, पोशाख व प्रवास यांचा अखंड खर्च. त्यातच १९३१ मध्ये बोलपट अवतरला आणि प्रेक्षक तिकडे वळला. मंडळी तोट्यात गेली, बंद पडली, आणि कर्ज मात्र मागे उरले. हिराबाई डगमगल्या नाहीत. गावोगावी जलसे करून, गळ्याच्या कमाईतून त्यांनी ते देणे फेडले. त्यांची कीर्ती सुरांमुळे झाली खरी. पण त्यांची थोरवी या सचोटीत आहे, असे आम्हांस वाटते.

विद्या त्यांनी आपल्यापाशीच ठेविली नाही. धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे यांच्यासह त्यांनी जुगलबंदी गाइली, डॉ. प्रभा अत्रे यांच्यासारख्या नामवंत गायिकेस सुरेशबाबूंच्या पश्चात त्यांचेच मार्गदर्शन लाभले. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांस मिळाले. २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.

आपल्या कित्येक घरांत कंठ गोड असलेल्या मुली आहेत. शिवणकाम, शिकवणी अथवा लहानसा धंदा करून संसारास हातभार लावणाऱ्या भगिनीही आहेत. कला ही पोट भरण्याचे साधन झाली म्हणून तिचे पावित्र्य कमी होत नाही, आणि धंद्यात अपयश आले म्हणून माणसाची अब्रू जात नाही. देणे बुडविले तरच ती जाते. हिराबाईंनी हे बोलून नव्हे, तर आचरून दाखविले. म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती आहे की, मुलीच्या अंगी गुण दिसताच लोक काय म्हणतील या भयाने तो दडपू नये.