रावसाहेब विश्वनाथ नारायण मंडलिक

वकील, फिर्याद, दावा, जामीन, मुद्देमाल, कैफियत हे शब्द तुम्हांला शिकवावे लागत नाहीत. उर्दूत तुम्ही ते रोज वाचता. मराठी माणूस कोर्टात गेला की तोही हेच शब्द बोलतो. अशा एका मराठी वकिलाची ही हकीकत आहे. त्यांनी एक वृत्तपत्र काढले आणि कायद्याचा एक मोठा ग्रंथ लिहिला.

विश्वनाथ नारायण मंडलिक यांचा जन्म ८ मार्च १८३३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि एल्फिन्स्टन संस्थेत शिकले. इंग्रजी आणि संस्कृत या दोन्ही भाषांवर त्यांनी चांगली हुकमत मिळवली. पुढे काही वर्षे त्यांनी सरकारी नोकरी केली. एल्फिन्स्टनसाहेबांनी लिहिलेला हिंदुस्थानचा इतिहासही त्यांनी मराठीत आणला.

१८६२ साली मुंबईत हायकोर्ट सुरू झाले. मंडलिकांनी नोकरी सोडली आणि ते तेथे वकिली करू लागले. ते बॅरिस्टर नव्हते. बॅरिस्टर होण्यासाठी तेव्हा समुद्र ओलांडून विलायतेला जावे लागे. बॅरिस्टर नसलेल्या वकिलांना हायकोर्टाच्या अपील शाखेत काम करता येई. जिल्ह्याजिल्ह्यांतून, म्हणजे ठाणे, रत्नागिरी, पुणे, सुरत येथून आलेली अपिले तेथे चालत. शेत कोणाचे, घर कोणाचे, दत्तक खरा की खोटा, असेच बहुतेक दावे असत. पक्षकार खेड्यापाड्यांतले आणि न्यायाधीश बहुधा इंग्रज. मंडलिकांसारखा वकील या दोघांच्या मध्ये उभा असे.

१८६४ साली त्यांनी 'नेटिव्ह ओपिनियन' हे साप्ताहिक सुरू केले. 'नेटिव्ह' म्हणजे या देशातला माणूस. साहेबलोक हा शब्द बरेचदा तुच्छतेने उच्चारत. मंडलिकांनी तोच आपल्या पत्राच्या नावात घातला. पत्र आधी इंग्रजीत निघे, पुढे त्यात मराठी मजकूरही येऊ लागला. सरकार कायदे करते, पण ज्यांच्यासाठी करते त्यांना काय वाटते हे सरकारच्या कानी जात नाही. ते त्याला समजेल अशा भाषेत सांगायचे, हे या पत्राचे काम होते.

आता ग्रंथाकडे येऊ. हा भाग जरा लक्ष देऊन वाचा.

इंग्रज न्यायाधीश हिंदूंच्या वारशाचे दावे जुन्या संस्कृत ग्रंथांवरून ठरवत. अडचण अशी, की हे ग्रंथ एकमेकांशी जुळत नाहीत. बहुतेक महाराष्ट्रात 'मिताक्षरा' हा मुख्य ग्रंथ मानला जाई. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मात्र नीलकंठ भट्टांच्या 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला जास्त मान होता. नीलकंठ सतराव्या शतकात काशीला राहत, पण त्यांचे घराणे मूळचे आपल्या पैठणचे. कोणता ग्रंथ कोठे चालतो यावरूनही भांडणे होत. उरणजवळचे करंजा मयूखाच्या हद्दीत येते की नाही, हे हायकोर्टाला १८७९ साली ठरवावे लागले. ते येते, असे कोर्टाने ठरवले. आपले भाईंदरही उत्तर कोकणातच आहे.

यामुळे काय फरक पडे? समजा, एक माणूस मरण पावला. त्याला मुलेबाळे, बायको, आईवडील, भाऊ, आजी कोणीच नाही, फक्त एक बहीण आहे. मयूखाप्रमाणे आजीच्या मागोमाग बहिणीचा हक्क येतो. मिताक्षरेच्या वारसांच्या यादीत बहिणीचे नावही नव्हते. पोथी बदलली की बहिणीचे स्थान बदले.

मंडलिकांनी मयूख आणि 'याज्ञवल्क्यस्मृति' यांचे इंग्रजी भाषांतर करून ते १८८० साली छापले. भाषांतराला लांबलचक पुरवण्या जोडल्या. त्यांत त्यांनी निरनिराळ्या जातींचे चालू रिवाज नोंदवले. बहिणीचा मुलगा दत्तक घेऊ नये, असे पोथीत लिहिले होते. पण कितीतरी लोक भाच्याला दत्तक घेत. ते वचन म्हणजे सल्ला आहे, हुकूम नव्हे, असे मंडलिकांचे म्हणणे होते. १८९९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने याच्या उलट निकाल दिला. पण त्या जातीत तसा रिवाज असल्याचे सिद्ध झाले, तर भाच्याचे दत्तक टिके. १९५६ च्या दत्तक कायद्यात ही मनाई उरलीच नाही.

रिवाज नेहमीच दुबळ्याच्या बाजूचा असतो असे मात्र समजू नका. १८४७ साली मुंबईत खोजा आणि मेमन समाजांतील मुलींनी कुरआनप्रमाणे बापाच्या मिळकतीत हिस्सा मागितला. मुलींना हिस्सा न देण्याचा आमच्यात रिवाज आहे, असे विरुद्ध बाजूने सांगितले. न्यायाधीश पेरी यांनी रिवाज मान्य केला आणि मुली हरल्या. हे बदलण्यासाठी १९३७ चा शरियत कायदा यावा लागला. मला मंडलिकांविषयी आदर आहे, पण हा दावा वाचल्यापासून रिवाज हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कोणाचा रिवाज?

मंडलिकांचीही एक बाजू मला पटत नाही. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाहाविरुद्ध आवाज उठवला. सरकारने कायदा करू नये, असे मंडलिकांचे मत पडले. परक्या सरकारने आपल्या घरात हात घालू नये, ही त्यांची भीती खरी होती. पण आठ-नऊ वर्षांच्या नवऱ्या मुलीला त्याचा काय उपयोग?

सरकारदरबारी त्यांचा मान मोठा होता. १८७४ साली ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले आणि १८८४ साली व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाचे. हायकोर्टात ते सरकारी वकीलही होते. ९ मे १८८९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचा ग्रंथसंग्रह पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला.

'नेटिव्ह ओपिनियन' कधीच बंद पडले. कोर्टाचे निकाल छापणारी नियतकालिके मात्र अजून निघतात. १८७६ पासून सरकारी 'इंडियन लॉ रिपोर्ट्स' निघू लागले. १८९९ साली रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल ठाकोर या दोघांनी 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' काढले. नागपूरचे 'ऑल इंडिया रिपोर्टर' त्यानंतरचे. एखाद्या वकिलाच्या कचेरीत गेलात, तर कपाटभर जाड पुस्तके दिसतील. ती हीच. त्यांतला १८८० च्या सुमाराचा मुंबईचा एखादा खंड मिळाला, तर चाळून पाहा. निकालाच्या आधी दोन्ही बाजूंच्या वकिलांची नावे छापलेली असतात. त्यांत रावसाहेब व्ही. एन. मंडलिक हे नाव तुम्हांला पुन्हापुन्हा भेटेल, कधी वादीच्या बाजूला, कधी प्रतिवादीच्या.