पुस्तक, पडदा आणि आपले बाबूराव पेंटर



मागे एका रविवारी मिस्सा संपल्यावर आम्ही चर्चच्या आवारात चहा घेत उभे होतो. शेजारीच आपल्या युवकांचा मोठा वाद चालला होता. विषय होता 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. एकाने कादंबरी वाचली होती आणि चित्रपटही पाहिले होते. कादंबरीतला टॉम बॉम्बाडिल चित्रपटात दिसतच नाही, यावर तो खूप रागावला होता. दुसऱ्याने पुस्तकाला कधी हात लावलेला नव्हता, पण पडद्यावरची लढाई त्याला तोंडपाठ होती. त्याच्या मते एवढे जाडजूड पुस्तक वाचण्याची गरजच काय? शेवटी दोघांनी आम्हाला पंच नेमले आणि आमची पंचाईत झाली.

या कादंबरीचे लेखक टोल्किन हे श्रद्धाळू कॅथोलिक होते. ते १९७३ साली वारले. त्यांच्या कादंबरीवरचे हे तीन चित्रपट २००१ ते २००३ या काळात आले आणि तिसऱ्याला तब्बल अकरा ऑस्कर मिळाली. जगभरचे लाखो लोक खूष झाले. परंतु टोल्किन यांचे चिरंजीव ख्रिस्तोफर, ज्यांनी वडिलांचे अप्रकाशित लिखाण जपण्यात आयुष्य घालवले, त्यांना हे चित्रपट पसंत पडले नाहीत. म्हणजे वाद आपल्या आवारापुरता नव्हता.

त्या दिवशी आम्ही निकाल दिला नाही. घरी येताना मात्र वाटले की, कोल्हापूरकरांना हा वाद नवा नाही. गाजलेली कथा पडद्यावर आणायची म्हणजे काय, किती घ्यायचे, किती सोडायचे, लोकांना आवडेल ते दाखवायचे की खरे दिसेल ते, या प्रश्नांशी शंभर वर्षांपूर्वी आपल्याच शहरातला एक माणूस झुंजला. त्याचे नाव कलामहर्षी बाबूराव पेंटर. आज त्यांच्याविषयी थोडे सांगावे, असे मनात आहे.

हातात कला, मनात ध्यास

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घर कारागिराचे. वडील कृष्णराव हे हस्तिदंतावर आणि लाकडावर काम करणारे कुशल कलावंत. बाबूरावांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण कोठे घेतले नाही. वडिलांचे हात पाहत पाहतच ते चित्रे काढू लागले, मूर्ती घडवू लागले. नात्यातले बंधू आनंदराव हे त्यांचे जोडीदार. दोघे मिळून नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. त्यांनी रंगवलेला राजवाडा किंवा अरण्य पाहूनच प्रेक्षक टाळ्या वाजवीत. पडदे रंगवता रंगवता मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक त्यांना पेंटर म्हणू लागले.

दरम्यान तिकडे मुंबईत एक वेगळीच गोष्ट घडली होती. दादासाहेब फाळके यांनी प्रभू येशूच्या जीवनावरचा एक परदेशी मूकपट पाहिला आणि आपल्याकडच्या देवदेवतांच्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या, असा निश्चय केला. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला. आपल्या प्रभूची कथा पाहून या देशात चित्रपटाचे बीज रुजले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. हा 'राजा हरिश्चंद्र' पाहून कोल्हापूरच्या या दोन पेंटर बंधूंना ध्यास लागला तो चित्रपटाचा.

ध्यास लागला, पण कॅमेरा कोठून आणायचा? परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. तेव्हा दोघांनी ठरवले, आपणच बनवायचा. खटपट सुरू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. जोडीदार गेल्यावर दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी घेतले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला. या कामाला पैशाचे बळ दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. राजर्षी शाहू महाराजांचाही आश्रय लाभला. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

सैरंध्री आणि कीचक

कंपनीचा पहिला मूकपट 'सैरंध्री'. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन सिनेमात लागला. महाभारतातली ही कथा लोकांना पाठ होती. शिवाय याच कथेवरचे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले होते. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांनी ओळखले आणि सरकारनेही ओळखले. १९१० साली नाटकावर बंदी आली.

अशी ऐकलेली, वाचलेली, नाटकात पाहिलेली कथा बाबूरावांनी पडद्यावर आणली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. फाळक्यांच्या तारामतीचे काम पुरुषाने केले होते. 'सैरंध्री'त काम करणाऱ्या दोघी स्त्रियांना समाजाची बोलणी खावी लागली. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग तर इतका हुबेहूब उतरला की, काही प्रेक्षकांना भोवळ आली, असे सांगतात. सरकारने तो प्रसंग कापायला लावला. दुसरीकडे लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सुवर्णपदक देऊन 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. एकाच चित्रपटाने कोणी घाबरले, कोणी चिडले, तर कोणी पदक दिले.

गड आला, सिंह गेला, आणि कादंबरी?

१९२३ साली त्यांनी 'सिंहगड' काढला. त्याला आधार होता हरि नारायण आपटे यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचा. आज आपली मुले जशी जादूच्या अंगठीच्या कथेत रमतात, तसे त्या काळचे वाचक हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत रमत. इतिहासाला कल्पनेची जोड देऊन हरिभाऊंनी तानाजी, उदयभानू, कमलकुमारी ही माणसे घरोघर पोहोचवली होती. परंतु हरिभाऊ १९१९ सालीच वारले. टोल्किन यांच्याप्रमाणेच त्यांनाही आपल्या कथेचा चित्रपट पाहायला मिळाला नाही. पाहिला असता तर ते काय म्हणाले असते, हे आता कोण सांगणार?

थोडा विचार करून पाहा. त्या अंधाऱ्या थिएटरात कोण कोण बसले असेल? एक, कादंबरी वाचलेला. त्याच्या मनात तानाजीचा चेहरा आधीच ठरलेला. दुसरा, पोवाडे ऐकत वाढलेला. त्याला घोरपड लावून कडा चढणारे मावळे हवेत. तिसरा, ज्याला अक्षरओळखच नाही. मूकपटात मधूनमधून येणाऱ्या पाट्या शेजाऱ्याने मोठ्याने वाचल्या तर त्याला कळणार. या तिघांना एकच चित्रपट सारखाच आवडावा, ही अपेक्षाच चुकीची. पण त्या तिसऱ्या माणसाला हरिभाऊंची कथा पहिल्यांदा भेटली ती बाबूरावांमुळे, हे आपण विसरू नये. पुस्तकाची थोरवी सांगताना ज्याच्या हाती पुस्तक कधी आलेच नाही त्याचीही आठवण ठेवावी, असे आम्हाला वाटते.

कादंबरीत जे शब्दांनी होते ते पडद्यावर उजेड-अंधाराने करावे लागते. बाबूरावांनी या चित्रपटात कृत्रिम प्रकाश वापरून रात्रीचे प्रसंग चित्रित केले. आपल्याकडे ही नवलाई होती. चित्रीकरणापूर्वी ते प्रत्येक प्रसंगाची चित्रे काढीत, पोशाख ठरवीत. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी प्रत्यक्ष उभारलेले देखावे आणले. जाहिरातीची भित्तिचित्रेही स्वतः रंगवीत. ज्यांनी उमेदीची वर्षे पडदे रंगविण्यात घालवली, त्यांनीच पडदे बाजूला केले, हे विशेष.

सावकारी पाश

आता खरी कसोटी. १९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. याची कथा नारायण हरि आपटे यांची. (वाचकांनी घोटाळा करू नये. हरि नारायण वेगळे, नारायण हरि वेगळे.) या कथेत देव नाहीत, चमत्कार नाहीत, राजे नाहीत. एक गरीब शेतकरी सावकाराच्या कर्जात अडकतो, जमीन गमावतो आणि शहरात गिरणी कामगार होतो, एवढेच. तरुण शेतकऱ्याची भूमिका केली होती व्ही. शांताराम यांनी.

आज जाणकार या मूकपटाला भारतातला पहिला वास्तववादी चित्रपट मानतात. त्या वेळी मात्र तो फारसा चालला नाही. प्रेक्षकांना पडद्यावर विमाने, राक्षस, अंतर्धान पावणारे देव हवे होते. दिवसभर जे दुःख भोगले तेच रात्री पैसे मोजून कशाला पाहायचे, असे त्यांना वाटले असेल तर त्यांनाही दोष देता येत नाही. पण सावकाराच्या दारात उभा राहिलेला शेतकरी आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्या गावात नव्हता? बाबूरावांनी ते पाहिले आणि दाखवले. त्याची किंमतही मोजली. पुढे कंपनी टिकवण्यासाठी पुन्हा पुराणकथांकडे वळावे लागले.

तरी ती कथा त्यांच्या मनातून गेली नाही. अकरा वर्षांनी, १९३६ मध्ये, शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा केला, या वेळी बोलपट. ज्या कथेने एकदा तोटा दिला तीच पुन्हा हाती घेणारा माणूस केवळ व्यापारी नसतो.

शिष्य पुढे गेले

बाबूराव स्वभावाने अबोल आणि कामात काटेकोर. मनासारखे झाल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही त्यांची रीत. कंपनीत मतभेद वाढले. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे शिष्य बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली आणि तिने मोठे नाव कमावले. नारायण हरि आपटे यांच्याच 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर शांतारामांनी १९३७ मध्ये 'कुंकू' केला. गुरूने घालून दिलेली वाट शिष्याने पुढे नेली, असेच म्हणावे लागेल.

इकडे महाराष्ट्र फिल्म कंपनी १९३१ च्या सुमारास बंद पडली. बाबूरावांनी आणखी काही चित्रपट केले, पण त्यांचे मन पुन्हा रंगात आणि मातीत रमले. शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा आपण जाता-येता पाहतो, तो त्यांच्याच हातचा. पुढे शांतारामांनी गुरूची आठवण ठेवून त्यांना बोलावले आणि १९४७ साली 'लोकशाहीर रामजोशी' झाला. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूरावांनी कोल्हापुरातच देह ठेवला.

मग निकाल काय?

कळंब्याहून शहरात गेलात की कधी खरी कॉर्नरला थांबा. तेथे कॅमेऱ्याचे स्मारक आहे. आम्ही किती वेळा त्याच्यासमोरून गेलो, पण मान वर करून पाहिले नव्हते.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. बाबूरावांचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. 'सैरंध्री' नाही, 'सिंहगड' नाही, १९२५ चा 'सावकारी पाश'ही नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोपर्यंत फार उशीर झाला होता. हरिभाऊंची कादंबरी मात्र आजही वाचनालयात मिळते. पुस्तक श्रेष्ठ की चित्रपट, हा 'सिंहगड'चा वाद आता कोणालाच सोडवता येणार नाही. कारण एक पक्ष साक्ष द्यायला उरलेलाच नाही. तेव्हा जे आपल्या हाती आहे, ते नावे ठेवण्यापूर्वी नीट पाहावे आणि जपावे.

युवक मित्रांनो, तुम्ही आम्हाला पंच केले होते, म्हणून उशिरा का होईना, आमचे मत सांगतो. एकाच प्रभूची कथा चार शुभवर्तमानकारांनी चार तऱ्हांनी सांगितली. मार्कने बेथलेहेमचा गोठा सांगितला नाही, म्हणून आपण मार्कवर रागावत नाही. योहानाने शेवटच्या भोजनात पाय धुण्याचा प्रसंग सांगितला, तो इतरांनी सांगितला नाही. प्रत्येकाने आपल्यासमोरच्या लोकांसाठी सांगितले. कादंबरी आणि चित्रपट यांना शुभवर्तमानाच्या पंक्तीला बसवण्याचा आमचा हेतू नाही. पण सांगणारा बदलला की सांगणे बदलते, एवढे यातून शिकता येते. विचारायचे ते इतकेच की, सांगणाऱ्याने मनापासून सांगितले की केवळ गल्ला भरण्यासाठी?

म्हणून ज्याने पुस्तक वाचले आहे त्याने ते आपल्या मित्राला वाचायला द्यावे. ज्याने फक्त चित्रपट पाहिला आहे त्याने ते घ्यावे, निदान पहिली पन्नास पाने तरी वाचावीत. आणि मग पुढल्या रविवारी मिस्सानंतर पुन्हा वाद घालावा. चहा आमच्याकडून.