वाल कच्चे का खाऊ नयेत? डॉ. कमला सोहोनी यांचे संशोधन

गिरगाव-दादरच्या घरांत वालाचे बिरडे करायचे, तर तयारी दोन दिवस आधीपासून सुरू होते. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा आणि मग नीट शिजवायचा. हा खटाटोप चवीसाठी, असेच बहुतेकांना वाटते. पण त्यात पोटाचेही हित आहे. ते कसे, याचा उलगडा होण्यात मुंबईतल्या एका शास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा आहे. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११चा, इंदूरचा. माहेरच्या त्या भागवत. विदुषी दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने मिळवल्यावर कमलाबाईंनी तिथेच अर्ज केला. मुलगी असल्याने संचालक सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून मग ठरवू, या अटीवर त्यांना घेण्यात आले. हा अपमान त्यांना आयुष्यभर सलत राहिला. दूध, डाळी आणि कडधान्यांतील प्रथिनांवर काम करून १९३६ मध्ये त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केली. पुढे त्या संस्थेची दारे इतर मुलींनाही उघडली.

तिथून त्या केंब्रिजला गेल्या. नोबेल विजेते सर फ्रेडरिक हॉपकिन्स तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख होते. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल त्यांनीच १९०१ मध्ये शोधले होते. कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी असल्याचे दाखवले आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांत त्यांची गणना होते. परदेशात न राहता त्या मायदेशी परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय आणि कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा इथे काम केल्यावर, १९४७ मध्ये लग्न होऊन त्या मुंबईत आल्या आणि फोर्टमधील रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या.

तिथे त्यांनी पुन्हा कडधान्येच हाती घेतली. परळ-लालबागच्या गिरणगावात मटण, अंडी, दूध रोज परवडणारी घरे थोडी. तिथे मुलांची वाढ व्हायची ती मुख्यतः डाळ-उसळीवर. पण ताटात पडलेले प्रथिन अंगी लागतेच असे नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. त्यांतली नऊ आम्ले शरीराला अन्नातूनच मिळावी लागतात. डाळीत मेथिओनिन कमी, धान्यात लायसिन कमी. वरण-भात एकत्र खाल्ला की एकाची उणीव दुसरे भरून काढते. ही माळ आतड्यात तोडण्याचे काम ट्रिप्सिन हा पाचकरस करतो. कच्च्या कडधान्यांत मात्र या ट्रिप्सिनलाच अडवणारे पदार्थ असतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वाल व डबल बीन्समधून असे पदार्थ शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९५५ मध्ये ते काम प्रसिद्ध केले. मोड आणल्याने हा अडथळा काही प्रमाणात कमी होतो. नीट शिजवल्यावर त्यातला बराचसा निघून जातो.

हाच प्रश्न आज मत्स्यशेतीतही उभा आहे. मासळीची पूड महाग झाल्याने तळ्यातल्या माशांना सोयाबीन आणि पेंडीचे खाद्य दिले जाते. सोयाबीन कच्चे राहिले, तर त्यातला ट्रिप्सिनरोधक माशांचेही पचन बिघडवतो आणि वाढ खुंटते. म्हणून सोयाबीनला उष्णता द्यावी लागते आणि खाद्यात मेथिओनिन, गरजेप्रमाणे लायसिन वरून घालावे लागते. रोहू असो वा गिरणगावातले मूल, पिशवीवर किंवा तक्त्यात प्रथिनाचा आकडा किती, एवढे पाहून भागत नाही.

नीरेच्या पोषणमूल्यावरील संशोधनाबद्दल कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेला त्यांनी सल्ला दिला. संस्थेचे संचालकपद मात्र पात्रता असूनही उशिरा मिळाले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत नऊ महिलांनी स्थापन केलेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या कामात त्या रमल्या, तिच्या अध्यक्षही झाल्या आणि ग्राहकांसाठी लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.

आज कोशिंबिरीत कच्ची मोडाची कडधान्ये घालण्याची पद्धत रूढ झाली आहे. मूठभर मोडाचे मूग वाफवून खाल्ले तर उत्तम. वाल, पावटे, राजमा, सोयाबीन मात्र भिजवून, पूर्ण शिजवूनच खावेत आणि सोबत भात किंवा भाकरी असावी. बिरड्यासाठी दोन दिवस खपणाऱ्या आजीचे काही चुकत नव्हते.